वाचक विचारतात : कॉकपिटातला 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' आणि त्याला न दिसणारी विमानं

सोलापुरात विमानं सुरू झाल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटलाय. आधी सगळे एवढंच विचारायचे की विमानाच्या वाटेत येणारी होटगी रोडची साखर कारखान्याची चिमणी कधी पडणार आणि विमान कधी येणार. चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पडली, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, आणि आता लोक थेट कॉकपिटात काय काय असतं ते विचारायला लागलेत, मला तर बरंच वाटतं. या वेळी आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की हवेत दोन विमानं जवळ आली की पायलटला सावध करणारी जी यंत्रणा असते तिच्यावर, विशेषतः छोट्या विमानात, किती भरवसा ठेवायचा. म्हणून हा अंक त्यालाच दिलाय.

प्रश्न : माझी मुलगी बारामतीला कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग घेतेय, नुकतीच तिची पहिली सोलो, म्हणजे एकटीनं विमान उडवणं, झाली. ती सांगते, आई, आमच्या विमानात स्क्रीनवर आजूबाजूची विमानं दिसतात आणि कुणी जवळ आलं की 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असा आवाज येतो, तू काळजी करू नको. खरंच काळजी करायचं कारण नाही का? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन, पहिली सोलो म्हणजे चेष्टा नाही. आणि ती सांगते ते खोटं नाहीये, पण अर्धंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, तिलाही वाचायला द्या.

ही यंत्रणा बाहेर बघत नाही. तिला कॅमेरा नसतो. ती १०३० मेगाहर्ट्झवर आजूबाजूला हाक मारते, आणि ज्या विमानात ट्रान्सपॉन्डर नावाची पेटी चालू आहे ते विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपोआप उत्तर देतं, उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं, उत्तरात उंची असेल तर उंचीही कळते. एडीएस-बी नावाचा नवा प्रकार आलाय त्यात तर हाकही मारावी लागत नाही, विमान स्वतःच जीपीएसवरून काढलेली आपली जागा सारखी सांगत राहतं आणि ज्याच्याकडे रिसीव्हर आहे तो ऐकतो. दोन्हीत मेख तीच, समोरचा बोलला तरच तो स्क्रीनवर येतो. गळीत हंगामात रात्री मोहोळच्या बाजूनं गाडी घेऊन येताना उसाच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेल तर ती लांबून चमकते, नसेल तर एकदम बोनेटसमोर उगवते, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहितीय आणि म्हणून रिफ्लेक्टर चमकत नाही म्हणजे रस्ता मोकळा असं समजून कुणी गाडी हाणत नाही. आभाळात मात्र शिकलेसवरलेले लोक नेमकं तेच करतात, स्क्रीन रिकामी दिसली की निवांत होतात.

आता न बोलणारे कोण कोण, ते बघा. पक्षी तर आलेच. पॅराग्लायडर, गरम हवेचे फुगे, पुष्कळशी ग्लायडर आणि मायक्रोलाइट, ड्रोन. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, ग्लायडरला इंजिन नाही, बॅटरी छोटी, वजनाचा हिशोब ग्रॅमवर, त्यामुळे तिथं ट्रान्सपॉन्डर असेलच असं धरून चालता येत नाही. युरोपात ग्लायडरवाल्यांनी त्यासाठी फ्लार्म नावाचं वेगळं यंत्र काढलं, पण ते मुळात फ्लार्मवाल्यालाच ओळखतं, म्हणजे पुन्हा तेच.

आणि एक प्रकार असा की ज्याच्याकडे पेटी आहे पण तोंड बंद आहे. जुन्या सेस्नातला, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानातला, ट्रान्सपॉन्डर तुम्ही लेकीला विचारा, छोटा गोल नॉब असतो, ऑफ, स्टॅंडबाय, ऑन आणि ऑल्ट. स्टॅंडबायवर राहिला तर विमान कुणालाच दिसत नाही. ऑनवर राहिला तर दिसतं पण उंचीशिवाय, म्हणजे समोरच्याला कळतं की कुणीतरी आहे, वर का खाली ते कळत नाही. ऑल्टवर असेल तरच पूर्ण माहिती जाते. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून रनवेकडे नेताना, रेडिओ, चेकलिस्ट, इन्स्ट्रक्टरचं बोलणं या गडबडीत तो नॉब एक घर मागं राहणं किती सोपं आहे, ते तिला विचारून बघा.

हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाहीये. २९ सप्टेंबर २००६ ला ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलावर बोइंग ७३७ आणि एक छोटं बिझनेस जेट समोरासमोर आली, दोन्हीत टीकॅस होतं, ट्रॅफिक अलर्टमधला सगळ्यात भारी प्रकार. पण जेटचा ट्रान्सपॉन्डर उत्तर देत नव्हता. तो गप्प, त्यामुळे बोइंगला जेट दिसेना, आणि ट्रान्सपॉन्डर बंद पडला की त्या विमानाचं स्वतःचं टीकॅसही काम करत नाही, त्यामुळे जेटला बोइंग दिसेना. १५४ माणसं गेली. एकाही कॉकपिटात अलर्ट वाजला नाही.

दुसरं, तुमच्या लेकीच्या विमानातली यंत्रणा आणि गोव्याला जाणाऱ्या एटीआर या प्रवासी विमानातली यंत्रणा एक नाही. आंतरराष्ट्रीय नियम असा की टर्बाइन इंजिनचं विमान ५७०० किलोच्या वर असेल किंवा १९ पेक्षा जास्त प्रवाशांचं असेल तर त्यात टीकॅस-२ दर्जाची यंत्रणा हवीच. ती नुसतं 'ट्रॅफिक' म्हणून थांबत नाही, 'क्लाइंब' किंवा 'डिसेंड' असा थेट हुकूम देते, आणि समोरच्या विमानातही तीच असेल तर दोन्ही पेट्या आपसात ठरवतात की तू वर, मी खाली. सेस्ना १५२ चं भरलेलं वजन ७५७ किलो, ती या नियमात कुठंच बसत नाही. छोट्या विमानात जे बसवलेलं असतं ते 'ट्रॅफिक' एवढंच सांगतं, पुढं काय करायचं ते पायलटनं बघायचं, आणि बघायचं म्हणजे खिडकीतून.

खिडकीतूनच, स्क्रीनवर नाही, कारण स्क्रीनवरची दिशा कच्ची असते. हाक-उत्तर पद्धतीत अंतर आणि उंची बऱ्यापैकी बरोबर येते पण समोरचा नेमका कुठल्या बाजूला आहे हे ॲंटेनावरून काढावं लागतं आणि त्यात चांगलाच फरक पडतो, दिशा घड्याळासारखी सांगतात, विमानाचं नाक म्हणजे बारा, तर स्क्रीनवर दोन वाजता दाखवलेला प्रत्यक्षात एक वाजता किंवा तीन वाजता असू शकतो. म्हणून नुसती स्क्रीन बघून वळण घ्यायचं नाही, हे शिकवावंच लागतं. शिवाय छोट्या विमानाचा ट्रान्सपॉन्डरचा ॲंटेना बहुतेक वेळा पोटाखाली असतो, बरोबर वर दुसरं विमान असेल तर स्वतःचंच विमान मध्ये येतं आणि टार्गेट स्क्रीनवरून गायब होतं, परत येतं, परत जातं. आणि नेमकी तीच जागा पायलटच्या डोळ्यालाही दिसत नाही, सेस्नाचे पंख डोक्यावर असतात त्यामुळे वरचं दिसत नाही, पायपर नावाच्या दुसऱ्या छोट्या विमानाचे पंख खाली असतात त्यामुळे खालचं दिसत नाही, फायनलला, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, वर पायपर आणि खाली सेस्ना एकाच रनवेकडे उतरत असतील तर दोघंही एकमेकांना दिसत नाहीत आणि यंत्राचीही तिथं खात्री नाही.

राहिला प्रश्न काळजीचा. काळजी करू नका असं मी म्हणणार नाही. तिला एवढं विचारा की सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, असताना डाउनविंड, बेस, फायनल या टप्प्यांचे प्रत्येक कॉल तू रेडिओवर देतेस का आणि दुसऱ्यांचे कॉल ऐकून कोण कुठं आहे याचं चित्र डोक्यात ठेवतेस का. हो म्हणाली तर पोरगी योग्य हातात शिकतेय.

प्रश्न : मी स्टुडंट पायलट आहे, ४० तास झालेत. अमेरिकेतल्या चुलतभावानं एक पोर्टेबल एडीएस-बी रिसीव्हर पाठवलाय, टॅबलेटला जोडला की ट्रॅफिक दिसतं. भाऊ म्हणतो तिकडं सगळे वापरतात. आमचे सर मात्र म्हणतात बॅगेत ठेव. सर जुन्या विचारांचे आहेत का? (एक विद्यार्थी, अक्कलकोट रोड)

उत्तर : माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस म्हणून एकेरीत लिहितो. सरांचं ऐक, आणि का ऐकायचं ते समजून घेऊन ऐक.

तुझ्या भावाला तिकडं त्या डब्यावर जे दिसतं त्यातलं बरंचसं खालून येतं. अमेरिकेत जमिनीवरची स्टेशनं रडारवर दिसणाऱ्या विमानांची माहितीसुद्धा वर पाठवतात, म्हणजे ज्या विमानात एडीएस-बी नाही पण ट्रान्सपॉन्डर आहे तेही रडारच्या टप्प्यात असेल तर स्क्रीनवर येतं. तिथं ९७८ मेगाहर्ट्झची एक वेगळी वाहिनी पण आहे, ती फक्त त्यांच्याकडेच. तिथंसुद्धा ही माहिती ज्याच्या विमानात एडीएस-बी पाठवणारं यंत्र आहे त्याच्याभोवतीच्या १५ नॉटिकल मैलांपुरती आणि साडेतीन हजार फूट वर-खाली एवढीच येते, नुसता रिसीव्हर घेऊन बसलेल्याला दुसऱ्याच्या वाट्याचं अर्धवट चित्र मिळतं. आपल्याकडे ती सेवाच नाही. इथं तुझ्या डब्याला फक्त तेच विमान दिसणार जे स्वतः १०९० वर एडीएस-बी पाठवतंय, म्हणजे ३५ हजार फुटांवरून मुंबई-हैदराबाद जाणारी एअरबस दिसेल, ठळक दिसेल, आणि तुझ्याच क्लबचं जुनं सेस्ना, जे ८०० फुटांवर तुझ्याच सर्किटमध्ये आहे, ते दिसणार नाही. जे कधीच तुझ्या अंगावर येणार नाही ते दिसतंय आणि जे येऊ शकतं ते दिसत नाहीये, असं चित्र मांडीवर घेऊन उडण्यापेक्षा डबा बॅगेत बरा.

वर त्या डब्याची जागा. डॅशवर ठेवलास तर मागचं अडतं, मागं ठेवलास तर इंजिन आणि तुम्ही दोघं मध्ये येता. धातूच्या विमानात आत ठेवलेला ॲंटेना सगळ्या दिशांनी सारखं ऐकूच शकत नाही.

आता डोळ्यांचं गणित कर. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतुकीच्या सरकारी संस्थेनं पायलटांसाठीच्या सूचनेत ते मांडलंय, समोरचं विमान नजरेला पडल्यापासून ते ओळखणं, हे धडकणार आहे हे कळणं, काय करायचं ठरवणं, हात हलणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं, सगळं मिळून साडेबारा सेकंद. यात नुसतं 'हे धडकणार' कळायलाच ५ सेकंद आणि ठरवायला ४. तू १०० नॉट्सनी चाललायस, समोरचाही १०० नॉट्सनी, दोघांत मिळून सेकंदाला शंभरेक मीटर अंतर कमी होतंय, म्हणजे साधारण १३०० मीटरवर तो तुला दिसायलाच हवा, त्याच्या आत दिसला तर उशीर. समोरून येणारं सेस्ना १३०० मीटरवर केवढं दिसतं ते एकदा रनवेच्या टोकाला उभा राहून बघ, पंखांची बारीक रेघ आणि मध्ये एक ठिपका. आणि जो खरंच धडकणार असतो तो काचेवर हलत नाही. एकाच जागी राहतो आणि फक्त मोठा होत जातो, शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठा. आपला डोळा हलणारं पटकन पकडतो, थांबलेलं पकडत नाही. या साडेबारा सेकंदांतले चार-पाच तू मान खाली घालून टॅबलेटवरचा बाण वर आहे का खाली ते वाचण्यात घालवलेस, मग वर बघितलंस, मग जवळचं बघणाऱ्या डोळ्याला लांबचं बघायला परत वेळ लागला, तर उरलं काय. एप्रिल-मेच्या आपल्या धुरकट आभाळात तर डोळा कशावरच ठरत नाही, आपोआप जवळच कुठंतरी फोकस होऊन बसतो.

अलास्कात केचिकनजवळ १३ मे २०१९ ला पर्यटकांना घेऊन जाणारी दोन फ्लोटप्लेनं, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, धडकली, ६ जण गेले. दोन्ही पायलट अनुभवी, आणि दोन्ही विमानांत ट्रॅफिक दाखवणारं काही ना काही होतं. चौकशीत काय निघालं बघ. दोघांतल्या मोठ्या विमानाच्या जुन्या यंत्रणेत आवाजानं सावध करायची सोय होती, ती नव्या यंत्रणेत राहिली नाही. आणि त्याच विमानातलं एक कंट्रोल बंद होतं त्यामुळे ते आपली जागा पाठवत होतं पण उंची पाठवत नव्हतं, म्हणून दुसऱ्या पायलटच्या टॅबलेटवरच्या ॲपनं अलर्ट दिलाच नाही, कारण उंची कळल्याशिवाय धोका आहे का नाही ते ॲप ठरवू शकत नाही. कागदावर दोघांकडेही यंत्र होतं. मला ही घटना फार लागते, कारण यात मोठं असं काहीच बिघडलं नव्हतं.

त्याआधी ८ ऑगस्ट २००९ ला न्यूयॉर्कला हडसन नदीवर पायपर आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर धडकलं, ९ मेले, तिथंही दोघांकडे ट्रॅफिकची माहिती येण्याची सोय होती आणि दोघांनीही ती नीट वापरली नाही असं चौकशी अहवालात आहे. गर्दीच्या जागी हे यंत्र इतकं बडबडतं की माणूस ते ऐकायचं सोडून देतो, काही जण तर आवाजच कमी करतात.

मग यंत्र नकोच का? तसं नाही. विमानात पक्कं बसवलेलं चांगलं यंत्र असेल तर जरूर वापर, पण कसं, तर अलर्ट आला की स्क्रीनवर एकच नजर, कुठल्या बाजूला, वर का खाली, एवढं घेतलं की डोळे बाहेर. बाहेर बघतानाही नजर भिरभिर फिरवू नको, आभाळाचे दहा-दहा अंशांचे तुकडे कर आणि प्रत्येकावर निदान एक सेकंद थांब, फिरत्या नजरेला काही दिसत नाही. उतरायच्या आधी एक पंख जरा उचलून त्याच्याआड बघ. लॅंडिंग लाइट चालू ठेव. आणि ट्रान्सपॉन्डर ऑल्टवर. हे शेवटचं तुझ्यासाठी जितकं, तितकंच दुसऱ्यासाठी, कारण एटीआरमधल्या टीकॅसला तुझं सेस्ना दिसायला तुझ्याकडे टीकॅस असायची गरज नाही, तुझा ट्रान्सपॉन्डर बोलता असला की पुरे. त्या विमानातली सत्तरेक माणसं तुझ्या त्या एका नॉबवर अवलंबून असू शकतात.

प्रश्न : आमच्या गच्चीवरून विमान उतरताना दिसतं. संक्रांतीला पतंग असतात, हल्ली शेतावर फवारणीचे ड्रोन असतात, होटगी तलावावर पक्षी. हे सगळं विमानातल्या अलर्टला दिसतं का? (एक निवृत्त वाचक, होटगी रोड)

उत्तर : नाही काका, यातलं काहीच दिसत नाही. आणि अजून एक सांगतो जे फार लोकांना माहीत नसतं. मोठ्या विमानातलं टीकॅससुद्धा जमिनीजवळ आलं की मुद्दाम गप्प केलेलं असतं. उतरताना ९०० फुटांच्या खाली गेलं की 'वर जा, खाली जा' हा हुकूम बंद होतो, ४०० फुटांच्या खाली 'ट्रॅफिक' हा आवाजही बंद. कारण बरोबर आहे, एवढ्या खाली यंत्र म्हणालं डिसेंड आणि पायलटनं ऐकलं तर विमान जमिनीत जाईल. पण परिणाम असा की जिथं गर्दी जास्त तिथंच मदत कमी. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनला प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर धडकून ६७ जण गेले, त्यात विमानाच्या कॉकपिटात धडकेच्या साधारण २० सेकंद आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' वाजलं होतं, पुढचा हुकूम यायचा तो उंची कमी म्हणून आलाच नाही.

म्हणून विमान उतरतं त्या पट्ट्यात तुम्ही गच्चीवर काय करता याला फार महत्त्व आहे. पोरांना सांगा, फनेलमध्ये, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत, पतंग नको. ड्रोनवाल्यांना नियम आहेत, २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच परवानगीशिवाय उडवता येतं, त्याच्या आत परवानगी लागतेच. फवारणीचा ड्रोन पिकावर काही फुटांवरच असतो हे खरं, पण तुमच्या भागातली शेतं रनवेपासून किती लांब आहेत ते तुम्हीच बघताय. आणि कचरा उघड्यावर टाकू नका म्हणून महापालिकेच्या मागं लागा, घारी कचऱ्यावर येतात.

प्रश्न : मोबाइलवर फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपमध्ये परवा सोलापूरवर दोन विमानं अक्षरशः एकमेकांवर चढलेली दिसली. धडक होता होता वाचली का? (बाळीवेस)

उत्तर : नाही हो. विमानावर बोट ठेवलं की उंची दिसते, ती बघा. त्या उंचीवर दोघांत एक हजार फुटांचं अंतर ठेवतात, नकाशावर ते चपटं दिसतं. ॲपमधली माहिती इंटरनेटवरून फिरून येते, काही सेकंद तरी जुनी असते, त्यामुळे बघायला मजा आहे, पण कुणी छोट्या विमानात बसून ते ॲप ट्रॅफिक म्हणून वापरत असेल तर त्याला थांबवा.

प्रश्न : टीकॅस म्हणालं वर जा आणि एटीसी (जमिनीवरून विमानांना सूचना देणारं नियंत्रण केंद्र) म्हणाली खाली जा, तर पायलटनं कुणाचं ऐकायचं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सोरेगाव)

उत्तर : टीकॅसचं. याची किंमत मोजून झालीय, १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर रशियन विमानाला टीकॅस म्हणालं वर जा, कंट्रोलर म्हणाला खाली जा, ते खाली गेलं, समोरच्या मालवाहू बोइंगला त्याच्या टीकॅसनं खालीच जायला सांगितलेलं. ७१ जण गेले, त्यात बरीचशी शाळकरी पोरं होती. आपल्याकडे त्याआधी १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीला ३४९ जण गेले तेव्हा तर त्या विमानांत टीकॅसच नव्हतं, त्यानंतरच भारतात मोठ्या विमानांना ते सक्तीचं झालं.

पण हे सगळं हुकूम देणाऱ्या यंत्राबद्दल. छोट्या विमानात हुकूम देणारं यंत्रच नाही, त्यामुळे तिथं हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. एटीसी सांगते, तुमच्या दोन वाजता, तीन मैलांवर ट्रॅफिक आहे. पायलटला स्क्रीनवर तिथंच काहीतरी दिसतं आणि तो 'ट्रॅफिक इन साइट' म्हणून मोकळा होतो. हे करायचं नाही. एकदा का तुम्ही इन साइट म्हणालात की त्याच्यापासून लांब राहायची जबाबदारी एटीसी तुमच्यावर सोपवू शकते. स्क्रीनवर दिसणं म्हणजे इन साइट नाही, डोळ्यांनी दिसलं तरच ते म्हणायचं, शोधत असाल तर 'लुकिंग आउट' म्हणायचं आणि नाहीच सापडलं तर सरळ 'निगेटिव्ह कॉन्टॅक्ट' म्हणायचं, म्हणजे कंट्रोलर तुम्हाला वळवेल किंवा उंची बदलायला सांगेल.